टेलला पोचलं का?

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, आवाज मी पहिल्यांदा यंत्रातून ऐकला, तेव्हा मी दहा-बारा वर्षांची असेन. श्रावणातली झड होती, तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. अण्णा टॉर्च घेऊन धरणावरची मोजपट्टी वाचायला निघाले आणि मी हट्टानं त्यांच्या मागे गेले. पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते त्यांनी दोनदा पाहिलं, बॉलपेननं तळहातावर लिहिलं आणि मूठ मिटून पावसातून खोलीकडे आले. खोलीत बिनतारी संच होता. अण्णा एक बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. "येलदरी बोलतोय," म्हणून त्यांनी पातळीचा आकडा एकेक अंक सुटा करून सांगितला. मग खरखर. मग त्या खरखरीतून कुणीतरी तोच आकडा, तसाच सुटा सुटा, परत म्हणून दाखवला. तेव्हा कुठे अण्णांनी संच बंद केला.

परतताना मी विचारलं, "त्यानं परत कशाला म्हटलं? तुम्ही सांगितलंच होतं की."

"मी सांगितलं. पण त्याला काय ऐकू गेलं ते त्यानं म्हटल्याबिगर मला कसं कळावं, माय?"

पुढे वीसेक वर्षं मी परभणीच्या आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक निवेदक म्हणून बोलत राहिले. त्या सगळ्या काळात या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही. बिनतारी संचाला पलीकडून परत म्हणणारा माणूस असतो. रेडिओला तो नसतो.

येलदरी हे जिंतूर तालुक्यातलं पूर्णाकाठचं गाव. पलीकडच्या काठावर सेनगाव तालुका लागतो. तो भाग १९९९च्या महाराष्ट्रदिनापासून हिंगोली जिल्ह्यात गेला, त्याआधी दोन्ही काठ परभणीचेच होते. धरण पुरं झालं १९६८ साली, आणि परभणीचं आकाशवाणी केंद्रही १९६८चंच. आमच्या वसाहतीतली जुनी माणसं म्हणायची, एकाच वर्षी आमच्या जिल्ह्याला पाणीबी आलं अन् वाणीबी आली. धरणाला दहा दरवाजे. पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॉटची तीन जनित्रं, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॉट. एकूण साठा ९३४ दलघमी. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. हे पाणी जनित्रांवरून खाली उतरतं ते सिद्धेश्वर धरणात, आणि शेताला जाणारा कालवा निघतो तो सिद्धेश्वरहून. येलदरी साठवते, सिद्धेश्वर वाटतं.

अण्णा येलदरीला बदलून येण्याआधी या वाटपाच्या बाजूला पाटकरी होते. पाटकऱ्याचं काम सांगायला सोपं: आवर्तन, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी, सुटलं की चारीवर उभं राहायचं, कुणाची पाळी कधी ते बघायचं, दारं उघडायची आणि लावायची. पण कालव्याच्या तोंडाशी भरपूर दिसणारं पाणी शेवटाला जाईतो आटतं. काही झिरपतं, काही गवतात अडतं, काही रात्री कुणीतरी आपल्या रानात वळवून घेतं. शेवटच्या टोकाला कालव्यावरची माणसं टेल म्हणतात. टेलच्या शेतकऱ्याचं रान ओलं झालं तरच आवर्तन झालं, असा अण्णांचा हिशेब. तोंडाशी किती सुटलं हे सांगत कुणी आलं की ते मान हलवून घ्यायचे आणि एकच विचारायचे: "टेलला पोचलं का?"

घरात लाकडी पेटीचा रेडिओ होता. त्याचं लायसन पोस्टात पैसे भरून दरवर्षी नवं करावं लागे, आणि ते पुस्तक अण्णा जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवत. संध्याकाळी वसाहतीतली चार माणसं ओट्यावर जमत. बाजारभाव, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, बातम्या, आणि आम्हा मुलांचा जीव ज्याच्यात अडकलेला असे ते फर्माईशी गाण्यांचं 'आपली आवड'. एकदा आम्ही मैत्रिणींनी कार्डावर अकरा नावं कोंबून पाठवली. तीन आठवडे काहीच नाही. चौथ्या आठवड्यात निवेदकानं "येलदरीहून" असं म्हटलं मात्र, पुढचं गाणं कुठलं लागलं ते आम्हाला ऐकूच आलं नाही. आपलं गाव दुसऱ्याच्या तोंडून, तेही यंत्रातून ऐकताना गाव जरा मोठं झाल्यासारखं वाटतं. मी निवेदक व्हायचं तेव्हा ठरवलं नव्हतं. पण ते कार्ड ज्या टेबलावर पोचलं ते टेबल बघायचं, एवढं मनात राहिलं.

ते टेबल मी पाहिलं १९८८ साली. आधी लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी. काचेपलीकडे तिघं बसलेले, त्यांचे चेहरे दिसत होते आणि आवाज येत नव्हता. मला बातमीचा एक उतारा, एक जाहिरातवजा सूचना आणि जोडाक्षरांनी भरलेला एक कागद वाचायला दिला. माझ्या बोलण्यात आमच्याकडचा हेल होता. तो जाईल की नाही याची मला काळजी होती. निवड झाल्यावर एका ज्येष्ठ निवेदिकेनं मला बाजूला घेतलं. त्यांना सगळे बाई म्हणत. म्हणाल्या, "हेल पूर्ण घालवू नकोस. उच्चार स्वच्छ कर. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही शिकलेली आहे, पण आपल्यातली आहे."

दिवस तीन सभांचा: सकाळची, दुपारची, संध्याकाळची. सकाळच्या सभेला अंधारातच पोचावं लागे. पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी ती ओळखीची धून. वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या संगीतकाराकडे तिचं श्रेय जातं आणि ती १९३६च्या सुमाराची आहे, हे मला फार नंतर कळलं. तोवर ती मला आमच्याच गावची वाटायची. मग वंदे मातरम्, मग आपला आवाज: केंद्राचं नाव, १३०५ किलोहर्ट्झ, वेळ. समोर क्यूशीट, डाव्या हाताला तबकड्या, उजव्या हाताला टेपची रिळं, वर घड्याळ. त्या घड्याळाची जरब आईवडिलांपेक्षा जास्त. सात म्हणजे सात. दिल्लीची किंवा मुंबईची बातमी घ्यायची असली की आपलं गाणं कितीही रंगात आलेलं असो, फेडर हळूच खाली ओढायचा.

या घेण्याला आम्ही सहक्षेपण म्हणायचो. बाहेरच्या माणसाला वाटतं, केंद्र म्हणजे बोलणारी जागा. खरं तर दिवसाचा मोठा भाग आम्ही ऐकणारे असायचो. मुंबईला प्रसारण सुरू झालं १९२७ साली, नागपूर १९४८, पुणे १९५३. मराठवाड्यात निजामाच्या अमदानीत औरंगाबादला केंद्र होतं, ते पन्नासच्या दशकात बंद पडलं आणि मग १९६८ला परभणी. ही सगळी केंद्रं एका माळेत ओवली जात ती सहक्षेपणानं. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून नाहीतर लघुलहरी पकडून बातम्या पुढे दिल्या जात, आवाज डबीतून आल्यासारखा येई. इन्सॅट उपग्रह आल्यानंतर अंगणात तबकडी उभी राहिली आणि दिल्लीचा माणूस शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा बोलू लागला. तरी कधी तरी दुवा तुटायचा. काचेपलीकडून इंजिनिअर हात हलवायचे आणि त्या सेकंदाला राज्याच्या जाळ्यातलं आमचं एक टोक माझ्या हातात यायचं. तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व, म्हणायचं आणि आधीच काढून ठेवलेली बासरीची तबकडी लावायची. या जादा तबकडीला आम्ही फिलर म्हणायचो. पहिल्या वर्षी दुवा तुटला की माझ्या पोटात गोळा यायचा. पुढे पुढे मी फिलर निवडायला लागले: सकाळी सनई, रात्री बासरी, पावसाळ्यात सतार.

एकदा प्रक्षेपण विभागातल्या एका साहेबांनी आम्हा नव्या मुलांना मनोरा दाखवला. मला वाटलं होतं, मनोरा उंच असला की झालं. ते म्हणाले, "अर्धं काम जमिनीखाली आहे." मध्यम लहरींचा मनोरा उभा असतो त्याच्या बुडापासून तांब्याच्या तारा चहूबाजूंनी जमिनीत पसरलेल्या असतात, झाडाच्या मुळांसारख्या. दिवसा या लहरी जमिनीला धरून चालतात. जमीन कोरडी, खडकाळ असेल तर लवकर थकतात. काळी, ओल धरणारी असेल तर लांब जातात. रात्री त्याच लहरी आकाशातल्या थरावर आपटून शेकडो मैल पलीकडे पडतात आणि लांबची परकी केंद्रं आपल्या केंद्रावर चढून बसतात. मी हे घरी सांगितलं तेव्हा अण्णा खूश झाले. "म्हंजे तुमचा आवाजबी वलीवरच चालतो म्हण की."

त्यांनी मग स्वतःला एक काम लावून घेतलं. माझी सभा असली की ते येलदरीत रेडिओ लावून बसत. परभणी ते येलदरी साठेक किलोमीटर. सुट्टीला मी घरी गेले की मला अहवाल मिळे: मंगळवारी रात्री खरखर होती, शुक्रवारी दुपारी तू दोनदा खोकलीस, अमुक गाणं अर्ध्यात का तोडलंस. वीज नसली तर रेडिओ सेलवर. पायथ्याशी वीज तयार होते त्या गावात कंदील लावून बसायची वेळ आम्हाला नवी नव्हती. ती वीज आधी तारांच्या मोठ्या जाळ्यात जाते आणि मग वाटणीनं परत येते. अण्णा हसून म्हणायचे, "आपण हेडला राहतो, पण लाइटीच्या टेलला."

माझ्या वाट्याला जास्त आले ते शेतीचे कार्यक्रम. रेडिओ आणि शेतकरी हे नातं महाराष्ट्रात जुनं आहे. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळं काढली होती. आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, ठरवायचं आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. ते प्रश्न पुढच्या कार्यक्रमात यायचे. हे वाचलं तेव्हा मला अण्णांचा बिनतारी संच आठवला. त्या मंडळींनी रेडिओला परत म्हणणारा माणूस जोडून दिला होता.

आमच्याकडे मंडळं नव्हती, पण कृषी विद्यापीठ हाकेवर होतं. परभणीचं हे विद्यापीठ १९७२चं. तिथले शास्त्रज्ञ ध्वनिमुद्रणाला येत. विषयातले पक्के, पण माईकसमोर बसले की त्यांची भाषा प्रबंधाची व्हायची. 'प्रति हेक्टरी अमुक मिलिलिटर.' काचेअलीकडे मी माझ्या काकाला डोळ्यांसमोर आणायची. काकाच्या रानात हेक्टर नव्हता. त्याच्याकडे एकर होता, बियाण्याची बॅग होती आणि पाठीवरचा फवारणीचा पंप होता. मी विचारायची, "सर, पंपाला किती टाकायचं?" एक प्राध्यापक पहिल्यांदा चिडले. मग त्यांनी कागदावर गणित मांडलं आणि पंपाचं माप सांगितलं. पुढच्या वेळी येताना ते घरूनच पंपाचा हिशेब करून आले. मी काही फार मोठं केलं नाही. चारीचं एक दार उघडलं, एवढंच.

धरणाच्या बातमीचंही असंच. उन्हाळ्यात आम्ही वाचायचो, 'येलदरी धरणात शून्य टक्के पाणीसाठा.' एकानं कार्ड टाकलं: बाई, मी काल धरणावरून आलो, पाणी नजर पोचेपर्यंत आहे, तुम्ही शून्य कसं म्हणता? बरोबर होतं त्याचं. टक्केवारी धरली जाते ती जिवंत साठ्यावर. येलदरीचा जिवंत साठा सुमारे ८१० दलघमी. त्याच्या खाली १२४ दलघमी मृतसाठा असतो, तो सहसा काढायचा नसतो. हिशेबाचं शून्य आणि डोळ्यांचं शून्य वेगळं. त्यानंतर मी शून्य टक्के वाचलं की पुढे एक वाक्य जोडायला परवानगी मागितली: म्हणजे धरणात फक्त मृतसाठा उरला आहे. वाक्य मंजूर झालं. मृतसाठा हा शब्द ऐकून म्हाताऱ्या बाया हळहळायच्या, असं आई सांगायची. शब्दच तसा आहे.

आता ते सांगते, जे सांगायला इतकी वर्षं गेली.

नव्वदच्या दशकातला एक पावसाळा. वर बुलढाण्याकडून येणारी पूर्णा फुगलेली, येलदरी भरलेली, सिद्धेश्वरचे दरवाजे उघडायचं ठरलेलं. संध्याकाळच्या सभेत माझ्या हातात हातानं लिहिलेला कागद आला. सिद्धेश्वरमधून नदीपात्रात इतका विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. आकडा समजण्यासाठी तीनशे धरू. कागदावर होतं, तीनशे क्युमेक. मी वाचलं, तीनशे क्युसेक.

एका अक्षराचा फरक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. एका घनमीटरात पस्तीसहून थोडे जास्त घनफूट मावतात. तीनशे क्युमेक म्हणजे साडेदहा हजार क्युसेकच्या वर. मी पूर सांगायला बसले होते आणि ओढा सांगून मोकळी झाले. अक्षर स्वच्छ होतं. जीभ रोज क्युसेक म्हणायला सरावलेली होती, ती डोळ्यांच्या पुढे धावली.

आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं साठ किलोमीटरवर. अण्णा तेव्हा निवृत्तीला आले होते. ओट्यावरून उठून, छत्री न घेता, ते एसटीडी बूथवर गेले आणि केंद्राचा नंबर फिरवला. फोन ड्युटी ऑफिसरांनी घेतला. अण्णांनी माझं नाव घेतलं नाही, नातं सांगितलं नाही. "येलदरीहून बोलतो. आम्ही इथून एवढं सोडायलो, अन् खालून तीनशे क्युसेक कसं जाईल? कागद बघा." कागद बघितला गेला. चालू गाणं थांबवून मी दुरुस्ती वाचली, दोनदा वाचली, कार्यक्रमांच्या मधल्या फटीत पुन्हा वाचली. चूक झाली ते आणि दुरुस्ती झाली ते, यांत दहा-बारा मिनिटं गेली असतील. ड्युटी ऑफिसरांनी नोंदवहीत लिहिलं. लिहायलाच हवं होतं. मला वाटलं, विषय संपला.

पंधरा दिवसांनी बसमतकडच्या एका नदीकाठच्या गावाहून एक गृहस्थ केंद्रावर आले. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात पिशवी. मला भेटायचं म्हणाले. मला वाटलं, 'आपली आवड'ची फर्माईश. ते बाकावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, मोटार गेली."

त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओवर तीनशे ऐकलं. तीनशेला नदी पायरीबी चढत नाही, असा त्यांचा जन्माचा अनुभव. मोटार काठावरच राहू दिली. रेडिओ बंद केला आणि जेवायला बसले. नंतरचं त्यांनी काही ऐकलं नाही. ऐकायला रेडिओ चालूच कुठे होता? रात्री पाणी आलं. माणसं वर होती म्हणून माणसं राहिली. मोटार आणि पाइप गेले.

मी म्हटलं, "काका, आम्ही दुरुस्ती सांगितली होती. तीनदा सांगितली."

"सांगितली असंल की," ते म्हणाले. "मी कुठं नाही म्हणलो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. ते भरपाई मागायला आले नव्हते. मी खरोखर क्युसेक म्हटलं होतं की आपल्याच कानाची चूक झाली, एवढं त्यांना पक्कं करायचं होतं. घरातली पोरं म्हणत होती, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. मी म्हटलं, "तुम्ही बरोबर ऐकलंत. मीच चुकीचं वाचलं." ते उठले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या, त्या टेबलावर ठेवल्या आणि गेले.

छापलेल्या चुकीचं खुलासापत्र दुसऱ्या दिवशी त्याच वाचकाच्या दारात जाऊन पडतं. हवेतल्या चुकीला तशी सोय नाही. जे ऐकून माणूस उठला, तेच त्याच्यासोबत घरी गेलं. दुरुस्ती नंतर बसलेल्यांच्या कानांवर पडते, आणि त्यांना बहुधा तिची गरज नसते. मी तोवर माझी चूक मिनिटांत मोजत होते. अण्णांच्या हिशेबानं ती टेलला मोजायची होती, आणि टेलला ती एका मोटारीएवढी होती.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आकडा तळहातावर लिहीत जा." मी तळहातावर काही लिहिलं नाही, पण वाचायची रीत बदलली. पाण्याचा आकडा असलेला कागद आला की फेडर वर ढकलण्याआधी तो मी काचेपलीकडच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि त्याला परत म्हणायला लावायची. नवी मुलं हसायची. आणि नुसता आकडा मी पुन्हा कधी वाचला नाही. आकड्यामागे त्याचा अर्थ: नदीपात्रात उतरू नये, मोटारी, गुरं, औजारं वर घ्यावीत. क्युसेक चुकलं तरी 'मोटारी वर घ्या' चुकत नाही.

रेडिओचं हे असं. दूरदर्शनचं मी लांबून पाहिलं. मुंबईला ते १९७२च्या गांधीजयंतीला सुरू झालं. आमच्या वसाहतीत चित्र यायला ऐंशीचं दशक अर्धं सरावं लागलं. त्या सुमाराला देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. अशाच एका केंद्रावर माझा एक स्नेही कामाला होता. तिथे स्टुडिओ नाही, निवेदक नाही, कॅमेरा नाही. वरून येणारं चित्र घ्यायचं आणि आसपासच्या गावांवर सोडायचं. तो गमतीनं स्वतःला पाटकरी म्हणायचा. शब्द त्यानं माझ्याकडूनच उचलला होता. 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम लागला की गावातून फोन यायचे, चित्र हलतंय, जरा बघा. त्याला त्या फोनांचाच आनंद. मराठी वाहिनीला २०००मध्ये सह्याद्री नाव मिळालं तेव्हा त्यानं पेढे वाटले होते. पुढे चित्र थेट घरोघरच्या तबकडीत उतरू लागलं आणि २०२२पर्यंत अशी जवळपास सगळी केंद्रं मिटली. बंद करायच्या दिवशी त्यानं यंत्राला हळदकुंकू लावलं. म्हणाला, "शेवटच्या दोन वर्षांत एकही फोन आला नाही. तेव्हाच कळलं होतं."

मीही आता केंद्रावर जात नाही. परभणीतच राहते. नळाला येणारं पाणी येलदरीचं आहे, एवढंच गावाशी रोजचं नातं उरलंय. अण्णा नाहीत. रेडिओ मोबाईलमध्ये आलाय, न्यूज ऑन एअर या ॲपवर परभणी केंद्र पुण्यामुंबईला, परदेशातही ऐकू येतं. मध्यम लहरींचा डबा मात्र दुकानात मागितला तर दुकानदार आधी माझ्या वयाकडे बघतो. माझ्याकडे एक आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत.

गेल्या पावसाळ्यात फोन वाजला. त्या शेंगावाल्या काकांचा मुलगा. काका गेले त्यालाही वर्षं झाली, पण पोरानं माझा नंबर जपून ठेवलाय. नदी चढली की त्याचा फोन येतो. त्याच्या मोबाईलवर कुठूनसा एक निरोप फिरत आला होता: इतकं पाणी सुटलं, इतकी गावं जाणार. पुढे पाठवा, असंही खाली होतं. नाव नाही, वेळ नाही, कुठल्या धरणाचं तेही धड नाही.

"आत्या, खरं हाय का? अन् हे क्युसेक हाय का क्युमेक?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत. थांब, फोन ठेवू नको."

बातम्यांना चार मिनिटं होती. तो तिकडे थांबला, मी इकडे. त्याच्या बाजूनं पावसाचा आवाज येत होता, माझ्या बाजूनं बासरी. कुणीतरी फिलर लावला होता. मग एका मुलीचा आवाज आला, तरुण, मला अनोळखी. तिनं धरणाचं नाव सांगितलं, आकडा सांगितला, एकक सांगितलं. मी हातात पेन नव्हतं म्हणून पिठाच्या बोटानं ओट्यावर लिहिलं. मग एकेक अंक सुटा करून त्याला फोनवर सांगितला.

"आता तू म्हण," मी म्हटलं.

त्यानं परत म्हटला. एककासकट. मग मी फोन ठेवला.